खोक्यात नसलेले चाक

प्रतिकृतींचे जे संच खोक्यातून मिळतात, त्यांच्या झाकणावरचे चित्र नेहमीच परिपूर्ण असते. इंजिन धूर सोडीत निघालेले असते, विमान ढगांत वळत असते, गलबताची शिडे वाऱ्याने फुगलेली असतात. झाकण काढले की आत ना इंजिन असते, ना गलबत. असतात त्या प्लॅस्टिकच्या काही चौकटी आणि त्या चौकटींच्या काड्यांना फळांसारखे लगडलेले शे-दीडशे सुटे भाग. प्रत्येकाशेजारी बारीक क्रमांक, आणि सोबत एक घडीचे माहितीपत्रक. यादीवर बोट ठेवून मोजायला बसावे, तर एकशे बारा भागांपैकी कधी एकशे बारा भरतात आणि कधी एकशे अकरा. एकशे अकरा भरले, की जो एक नाही त्याच्याच मागे मन धावू लागते; हातात असलेल्यांचे कोणास काही वाटत नाही. नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण चर्चमध्ये कितीदा ऐकतो. त्यातले गणित आम्हांस नीट उमगले ते या खोक्यांमुळे.

शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्हा उभयतांनी हा छंद धरला. आमचे वास्तव्य वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे आहे. छंद पोरकट आहे असे येणारेजाणारे म्हणतात, आणि आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही. परंतु प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खेळणे यांत अंतर आहे, एवढे मात्र सांगितले पाहिजे. खेळण्यातल्या मोटारीचे चाक दारापेक्षा मोठे असले तरी मुलाचे काही अडत नाही. प्रतिकृतीत तसे चालत नाही. विमानांसाठी बहात्तरास एक हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे. खऱ्या विमानाचे सहा फूट येथे एक इंच होतात. आगगाड्यांसाठी सत्त्याऐंशीस एक हे प्रमाण फार चालते. एकदा प्रमाण ठरले की ते इंजिनास, डब्यास आणि फलाटावर उभ्या असलेल्या हमालास सारखेच लागू होते. म्हणूनच एखादा भाग हरवला, तर दुसऱ्या खोक्यातला साधारण तसाच दिसणारा भाग उचलून लावता येत नाही. तो डोळ्यांना खुपतो आणि त्याच्या शेजारचे खरे भागही खोटे वाटू लागतात.

या संचांत उणिवा राहतात कशा, हे समजून घेतले म्हणजे राग निम्मा होतो. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून ते पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात. हा रस साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यात पोहोचण्यापूर्वीच गोठला, तर तो भाग अर्धवट निपजतो. जाड भाग थंड होताना आकसतो आणि त्याच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. साचा वापरून वापरून झिजला, त्याची दोन अंगे घट्ट मिटेनाशी झाली, की फटीतून रस ओघळतो आणि भागाच्या कडेला पातळ पापुद्रा धरतो. दोन अंगे एकमेकांपासून केसभर सरकली तरी गोल दांडा गोल राहत नाही. चौकट पुरती थंड होण्याआधी काढली तर लांब पट्ट्या वाकतात. आणि काही भाग निपजतात चांगले, पण वाटेत काडीपासून तुटतात व पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून निसटून जातात. पहिल्या पाच उणिवा कारखान्याच्या. सहावी कोणाची, हे सहसा ठरवता येत नाही.

यांवरचे उपायही ठरलेले आहेत आणि ते फार कठीण नाहीत. पहिला नियम असा, की एकही भाग कापण्याआधी सर्व मोजावेत. अर्धे काम झाल्यावर उणीव लक्षात आली तर संच परतही करता येत नाही. दुसरा नियम, खोके व पिशव्या काम संपेपर्यंत फेकू नयेत. नाही असे वाटणारा भाग पुष्कळदा पिशवीच्या शिवणीत किंवा झाकणाच्या घडीत दडलेला सापडतो. वाकलेली पट्टी गरम पाण्यात धरून सरळ करता येते. खळगा लुकणाने भरून, वाळल्यावर पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदाने घासला की नाहीसा होतो. पापुद्रा धारदार पात्याने हलकेच खरवडावा. बारीक तार किंवा दांडी हरवली असेल, तर चौकटीचीच काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावी आणि मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढावी. केसासारखा धागा निघतो. हरवलेल्या भागाचा जोडीदार संचात असेल, म्हणजे चार चाकांपैकी तीन असतील, तर त्यांतील एकाचा ठसा मऊ मातीत घेऊन त्यात एमसील दाबून भरावे. चौथे चाक तयार होते. खरी अडचण येते ती एकुलता एक भाग नसला म्हणजे. त्याचा ठसा घ्यावा तरी कशाचा?

परदेशांत या छंदाचा इतिहास मोठा आहे. इंग्लंडमधल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनवली, ती त्या ट्रॅक्टरच्या विक्री प्रतिनिधींना देण्यासाठी. जोडणी किचकट म्हणून पुढे ती सुट्या भागांतच विकली जाऊ लागली. पुढे त्यांचे ‘गोल्डन हाइंड’ हे गलबत आले आणि त्यानंतर स्पिटफायर विमान. आमच्या भागात फर्ग्युसनचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, पण ते खऱ्या ट्रॅक्टरमुळे. त्याच्या प्रतिकृतीपासून एवढा मोठा उद्योग उभा राहिला, हे ऐकून त्यांस गंमत वाटते. जपानच्या तामिया कंपनीच्या माहितीपत्रकात सुट्या भागांचे क्रमांक छापलेले असतात, म्हणजे हरवलेला भाग कळवून मागवता येतो. आपल्याकडे मात्र हा छंद राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील विमानांच्या प्रतिकृती आणि मोठ्या शहरांतील थोडी दुकाने यांपलीकडे फारसा पसरला नाही. कारंज्यात राहणाऱ्या माणसाने सुटा भाग आणावा कोठून? जे मिळते ते टपालाने किंवा कुरिअरने, आणि जे मिळत नाही ते स्वतःच्या हाताने.

आमच्या गावाची एक आगगाडी होती. तिचे खरे नाव लांबलचक, पण वऱ्हाडात तिला सारे ‘शकुंतला’ म्हणत. मूर्तिजापूरहून निघून कारंजा, दारव्हा असे करीत ती यवतमाळला जाई. हा रस्ता ११३ किलोमीटरचा. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारा दुसरा फाटा ७६ किलोमीटरचा. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गावर आणून मुंबईकडे पाठवता यावा, यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी भांडवलाने हा मार्ग घातला. किलिक निक्सन या कंपनीने पुढे आणलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता. १९५१ साली देशातील रेल्वे कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा ही एक बाहेरच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले ‘झेडडी’ जातीचे वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. गाडीवर माणसे मोजकी. तिकीट देणारा, फाटक लावणारा आणि डबे सोडवणारा, ही वेगवेगळी माणसे असतीलच असा नेम नव्हता. आता ती गाडी धावत नाही. मार्ग रुंद करण्याच्या घोषणा झाल्या. रुळांमध्ये मात्र तण माजले आहे.

या शकुंतलेची प्रतिकृती करावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा. तिचा तयार संच आमच्या हाती कधी आला नाही. परंतु परदेशी राहणाऱ्या एका आप्ताने अरुंद मार्गाच्या कोणत्याशा गाडीचा संच धाडला: एक मालडबा, दोन उतारूंचे डबे आणि शेवटचा गार्डचा डबा. प्रमाण सत्त्याऐंशीस एक. ७६२ला ८७ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. म्हणजे मापाच्या दृष्टीने आमचे काम जमण्यासारखे होते. रंग व अक्षरे आपल्या गाडीसारखी द्यावीत, नाताळात गव्हाणीच्या शेजारी ती गाडी उभी करावी, आणि गल्लीतली मुले गव्हाणी पाहायला येतात त्यांना आपल्या गावची गाडी दाखवावी, असा बेत ठरला. शेजारचा अकरा वर्षांचा मुलगा या कामात आमचा भागीदार झाला. त्याचे वडील पुण्यास कामाला. घरी आई आणि आजोबा.

मोजणी त्यानेच केली. एकशे बारा भागांपैकी एकशे अकरा. नव्हते ते गार्डच्या डब्यातील हातब्रेकचे चाक. आम्ही खोके उलटे केले, पिशव्या उलगडल्या, सतरंजी झटकली. चाक नव्हते. हा संच सीमाशुल्काच्या तपासणीत एकदा उघडला गेला होता, त्यामुळे दोष कोणाचा, हे कळण्यास मार्ग नव्हता. बनवणाऱ्या कंपनीस आम्ही भागाचा क्रमांक कळवला. तिकडून सौजन्याचे उत्तर आले, की हा संच आता तयार होत नाही व त्याचे सुटे भाग शिल्लक नाहीत. तोवर डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला होता.

मुलाने आपला निर्णय सांगून टाकला. गार्डचा डबा वगळावा. किंवा ज्या बाजूस चाक नाही ती बाजू भिंतीकडे करावी, कोणाला दिसणार आहे? तेही नको असेल तर जुन्या खेळण्यातल्या मोटारीचे एक चाक आहे, ते चिकटवावे. आणि काहीच जमत नसेल, तर सगळेच खोक्यात परत भरून ठेवावे. त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. अपुऱ्या वस्तूशी माणसे याच चार रीतींनी वागतात: तिला वगळतात, तिची उणी बाजू लपवतात, भलताच तुकडा तिच्यात कोंबतात किंवा ती टाकून देतात. यांपैकी तिसरी रीत आम्हांस सर्वांत घातक वाटते. रिकाम्या जागेतून निदान उणीव कळत तरी राहते. भलता तुकडा बसला की शोधच थांबतो.

याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती, हे आज शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. परंतु १९३९ साल उजाडेपर्यंत अशी वेगळी शाखा होती, हेच इतिहासकारांस माहीत नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा लेख आहे. त्यातली अक्षरे झिजलेली, काही नावे वाचता न येणारी. त्यामुळे सारे राजे एकाच वंशावळीत ओळीने बसवले गेले होते. ती वंशावळ वरून भरलेली दिसे, आणि भरलेली दिसे म्हणून तीत काही उणे आहे असे वाटत नसे. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचे ताम्रपट मिळाले. त्यात वत्सगुल्माचे नाव होते, आणि दात्याचा पिता म्हणून सर्वसेनाचे. पुढे डॉ. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला, आणि सर्वसेनाचे नाव तेथेही होते हे दाखवून दिले. तुकडा जागेवरच होता. त्याच्या जागी दुसरे काही गृहीत धरल्यामुळे तो दिसत नव्हता. ताम्रपट मिळाले नसते, तर आपल्या गावचे राजे दुसऱ्याच घरात मोजले जात राहिले असते.

हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले असे नव्हे. अकरा वर्षांच्या मुलापुढे वाकाटक मांडून उपयोग नसतो. आम्ही एवढेच म्हटले, की मोटारीचे चाक लावायचे नाही, आणि गाडी खोक्यातही भरायची नाही. तो रागावून घरी गेला. संध्याकाळी तो परत आला तो आजोबांना घेऊन, किंवा आजोबाच त्याला घेऊन आले म्हणा.

या गृहस्थांना गल्लीत सारे मामा म्हणतात. ते शकुंतलेवर खलाशी होते, हे आम्हांस ठाऊक होते. पण त्याविषयी ते कधी बोलत नसत. गाडी बंद झाल्यावर तिच्याविषयी कोणी त्यांना विचारलेही नसावे. घरात नातवाशी त्यांचे बोलणे जेवायला ये आणि दिवा मालव, यापलीकडे जात नसे. मुलगा आईच्या मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला आणि हे ओसरीवर. मामांनी चष्मा लावून डबा हातात घेतला, तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “काहून फेकून देतं रे बाप्पा? एक चाकच तं नाई.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, हे चाक म्या फिरवलं हाये.”

त्या वाक्याने आमची अडचण संपली. ठसा कशाचा घ्यावा, हा प्रश्न होता. ठसा मामांच्या हातात होता. खरे चाक केवढे, असे विचारताच त्यांनी हवेत दोन्ही हात धरले. आम्ही फूटपट्टी लावली: सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर. ८७ने भागले, तर पाच मिलिमीटरला किंचित कमी. तुरीचा दाणा असतो तेवढे. जळालेल्या मोटारीच्या गुंडाळीतली अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार घेतली आणि चार मिलिमीटर जाडीच्या खिळ्याभोवती तिचा एक वेढा दिला. टोके जुळवून फेविक्विकचा टाचणीच्या अग्राएवढा थेंब लावला. बरोबर पाच मिलिमीटरचे कडे तयार झाले. आता त्यात आरे बसवायचे.

येथे मतभेद झाला. माहितीपत्रकातील चित्रात चाकाला सहा आरे होते. मामा म्हणाले, चार. मुलगा म्हणाला, “आबाजी, कागदावर सहा हायेत.” मामा म्हणाले, चार. आमच्यापुढे खरोखरच पेच पडला. कागद छापील होता, पण तो परक्या देशातील परक्या गाडीचा. मामांची आठवण आपल्या गाडीची, पण ती आठवण होती, आणि पडताळून पाहावे असा गार्डचा डबा आम्हांस जवळपास कोठे ठाऊक नव्हता. मुलाने शेवटी विचारले, “तुम्हाले नक्की आठवते का?” मामांनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढे धरून ते रिकाम्या हवेत चाक फिरवू लागले. डावा हात खाली गेला, उजवा वर आला, बोटे एकेका आऱ्यावर थांबत गेली. “चार,” ते म्हणाले. “रातच्यानं गार्डाच्या डब्यात दिवा कोठचा? तेथी डोये काय कामाचे? हात मोजते.”

चार आरे बसवले. केसासारखी तार कापून मुलाने ते चिमट्याने एकेक करून जागेवर ठेवले. मामांचे हात आता थरथरतात. ब्रेकचा दांडा मेणबत्तीवर ओढलेल्या काडीचा केला. चाक डब्यात बसले. परंतु आमचे काम तेथे आटोपले नाही, कारण मुलाचे प्रश्न तेव्हा सुरू झाले. ब्रेक कधी लावायचे? उतारावर. उतार कोठे होता? फाटक कोण लावी? गाडी थांबवून आम्हीच उतरायचो, फाटक लावायचो, गाडी पुढे न्यायची, थांबवायची आणि मागे येऊन फाटक उघडायचे. मग वेळ होत नसे? होई ना. कोणी रागवत नसे? रागवून कोठे जाईल? एका आठवड्यात त्या मुलास आपल्या आजोबांची तीस वर्षांची नोकरी कळली. संच पूर्ण आला असता, तर एका दुपारी ती गाडी जुळली असती, आणि मामा ओसरीवरच बसून राहिले असते. आजोबांवाचून ज्याचे अडत नव्हते, त्या घरात एका चाकावाचून अडले, आणि त्यांना हाक गेली.

नाताळात गाडी गव्हाणीशेजारी उभी राहिली. पाहायला आलेल्या मुलांना आमचा छोटा भागीदार आधी ते चाक दाखवी आणि म्हणे, हे खोक्यात नव्हते, हे आम्ही केले. डब्याच्या तळाशी आम्ही बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे, की हातब्रेकचे चाक संचातले नसून कारंजा येथे आठवणीवरून बनवलेले आहे. ज्याने दुरुस्ती केली त्याने ती सांगून ठेवावी; पुढे कोणास खरा पुरावा मिळाला, तर त्यास आमचे चाक काढून दुसरे बसवता आले पाहिजे. आरे सहा निघाले तरी मामांचा मान त्यात कमी होणार नाही.

खुद्द गव्हाणीचे तरी निराळे काय आहे? ख्रिस्ती घरांत प्रतिकृतींचा छंद नसेल, पण एक अपुरा संच बहुधा असतोच. माळ्यावरच्या डब्यात वर्षभर कागदात गुंडाळून ठेवलेल्या त्या मूर्ती डिसेंबरात बाहेर काढाव्यात, तर एका मेंढपाळाची काठी तुटलेली, गाढवाचा कान गेलेला, तीन मागी राजांपैकी एक दोन वर्षांपासून बेपत्ता. मग बाजारातून एक उंट येतो, तो घरापेक्षा मोठा. कोंबडी येते, ती मेंढराएवढी. प्रमाणाचा आग्रह आम्ही तेथे धरीत नाही. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेचो या गावी नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तिचे जे सर्वांत जुने वर्णन आहे, त्यात गवताने भरलेली गव्हाण आहे, बैल आहे, गाढव आहे. मरियामातेची व संत योसेफांची मूर्ती नाही. आजच्या दुकानात तो संच कोणी घेतला नसता, निम्मे भाग नाहीत म्हणून परत केला असता. त्या रात्री जमलेल्या गावकऱ्यांस मात्र काही उणे वाटले नाही; जे तेथे मांडले नव्हते, ते त्यांच्या श्रद्धेने पुरवले.

आणखी एक गोष्ट आपण दरवर्षी करतो आणि तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. आगमनकाळात गव्हाणी मांडली, तरी पुष्कळ घरांत बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवीत नाहीत. चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत मधली जागा मोकळी असते. साऱ्या संचातला मुख्य भागच नाही, आणि तरी कोणी म्हणत नाही की संच सदोष आहे. कारण ती जागा कोणाची, हे सर्वांस ठाऊक असते. मरियामाता तिकडे पाहत असते, योसेफ पाहत असतात, मेंढपाळ वाटेवर असतात. त्या जागी तात्पुरते दुसरे काही ठेवावे, असे लहान मुलाच्याही मनात येत नाही. नसलेल्या भागाशी कसे वागावे, हे आपली ख्रिस्तसभा आपणांस दरवर्षी चार आठवडे शिकवीत असते: जागा ओळखावी, ती स्वच्छ ठेवावी, आणि वाट पाहावी.

हे शिक्षण खोक्यातल्या गाडीपुरतेच राहिले तर फारसे काही साधले नाही. आपल्या छोट्या छोट्या ख्रिस्ती वस्त्यांतून तरुण मंडळी पुण्या-मुंबईस गेली आहेत. गायनमंडळात एक आवाज कमी असतो, मिस्साच्या वेळी बाकावर एक जागा रिकामी असते. संत पौलांनी मंडळीस शरीराची उपमा दिली आणि दुबळ्या दिसणाऱ्या अवयवावाचूनही शरीराचे चालत नाही असे सांगितले, ते आपण ऐकतो. परंतु रिकाम्या बाकावर आपण लगेच सरकून बसतो. मग तेथे कोण बसत असे, हे पुढल्या वर्षी आठवत नाही. कोणी परत आलेच, तर त्यास आपली जागा सापडत नाही. त्यापेक्षा त्या जागेचे माप लक्षात ठेवणारा एखादा मामा प्रत्येक वस्तीत असावा. तो असतोही, त्यास कोणी विचारीत नाही, एवढेच.

पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, असे संत योहान सांगतात. ज्याच्या हाती भाकरींचा तोटा नव्हता, त्याने तुकड्यांची काळजी केली. आमच्या कपाटात गोळ्याबिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. तीत काम आटोपल्यावर उरलेले भाग, चौकटींच्या काड्या, तारांचे तुकडे आणि मोटारीचे ते एक चाकही ठेवलेले आहे. त्याची खरी जागा कधीतरी मिळेल.

येत्या आगमनकाळात वाचक आपापल्या माळ्यावरून गव्हाणीचा डबा उतरवतील. त्यांना आमचे सांगणे थोडेच आहे. मूर्ती मांडण्याआधी त्या मोजाव्यात. जे नाही, त्याची जागा दुसऱ्या कशाने घाईने भरू नये. बाजारात जाण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे, आणि हरवलेली ती मूर्ती दिसायला कशी होती, ते त्यांना विचारावे.